त्रेचाळीस वाचक

खिशात फोन थरथरला तेव्हा माझ्या हातात तापलेली सुरी होती, म्हणून मी तो लगेच काढला नाही. वरच्या जबड्याचा डावा सुळा मेणात टेकवला, मेण गोठू दिलं, सुरी ठेवली, अ‍ॅप्रनला हात पुसले आणि मग बघितलं. माझ्याच ब्लॉगवरून मला मेल आली होती. 'नवा लेख : दादाचे हात.' हा लेख मी प्रसिद्ध केला नव्हता. जन्मात करणारही नव्हतो. तो मसुद्यांच्या ढिगात तळाशी पडलेला होता आणि तिथेच त्याने माझ्याबरोबर म्हातारं व्हावं अशी माझी व्यवस्था होती. बाकाच्या पलीकडे, माझ्यापासून चार हातांवर, दादा मान खाली घालून दात बसवत होता. त्याचा फोन खिडकीच्या कट्ट्यावर चार्जिंगला लावलेला. मी बघत असताना तो उजळला आणि विझला. दादाने मान वर केली नाही. ब्लॉग सुरू केला त्या दिवशी, अकरा वर्षांपूर्वी, वाचकांच्या यादीत पहिला पत्ता मी त्याचाच घातला होता.

आम्ही दोघे भाऊ कवळ्या बनवतो. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, आम्ही प्लास्टरचा जबडा ओततो, त्यावर गुलाबी मेण चढवतो, मेणात एकेक दात बसवतो. मेणात आहे तोवर सगळं बदलता येतं. एकदा पक्कं झालं की झालं, मग कानशीने घासत बसा. हे मला दादाने शिकवलं. मी सतरा वर्षांचा होतो, तो सत्तावीसचा, आणि त्याच्या बोटांत तेव्हा असं काहीतरी होतं की गावातले डॉक्टर नुसतं बघायला येऊन उभे राहायचे. त्याचा एक नियम होता. चार दात बसवून चावा बघायचा नाही. लोक घाई करतात, पुढचे सहा बसवतात, जबडा मिटवून बघतात आणि खुश होतात. दादा म्हणायचा, "छोट्या, पूर्ण संच घालून बघ. अर्धवट तोंड नेहमी खोटं बोलतं." तीस वर्षं मी तसंच करत आलो. आणि आज सकाळी ब्लॉगच्या बाबतीतही मी नेमकं तेच केलं, दुसरं काही नाही.

ज्या फुकटच्या सेवेवर माझा ब्लॉग होता ती बंद होणार होती. नव्वद दिवसांची मुदत दिली होती, पैकी एक्याऐंशी मी घालवले होते. नोटीस आली त्याच दिवशी पुतणीला फोन केला होता. दादाची मुलगी, दुसऱ्या शहरात असल्याच कामात आहे. ती म्हणाली, "काका, ही एक घ्या, अर्ध्या तासात होईल." अर्ध्या तासात! अकरा वर्षांचं लिखाण, दोनशे बारा लेख, आणि ही बाई मला अर्धा तास सांगते. मी वही काढली, रकाने आखले आणि एकेक सीएमएस, म्हणजे ब्लॉग चालवायची सिस्टीम, तपासायला घेतली. एकीत जगातली निम्मी पानं चालतात म्हणे. ती उघडली तर मला चार ओळी लिहायच्यात आणि ती विचारते, दुकान थाटायचंय का, सभासद घ्यायचेत का, कॅलेंडर हवंय का. दुसरीत नुसता काळा पडदा. त्यात हुकूम लिहायचे, मग साध्या फायलींमधून पान तयार होणार. तिसरी दिसायला इतकी देखणी की मी तासभर बघतच बसलो, पण तिच्यात आमच्या जोडाक्षरांचे तुकडे पडायचे आणि रफार वरून कापला जायचा. चौथीला डोकंच नाही असं पुतणीने सांगितलं. लेख एकीकडे आणि त्याचं दिसणं दुसरीकडे, असा काहीतरी प्रकार. मी म्हटलं, मग धडाचं काय करतात? ती हसली आणि म्हणाली, "काका, त्रेचाळीस वाचक आहेत तुमचे. त्रेचाळीस लाख नाहीत. कुठलीही घ्या आणि लिहायला लागा." मला राग आला. तिचं बरोबर होतं म्हणून जास्त आला. त्या एक्याऐंशी दिवसांत मी एकही नवा लेख लिहिला नव्हता. जागा ठरल्याशिवाय लिहिणार कसा, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. लिहायला बसलो की दुसरं काही सुचायचंच नाही, बोटं आपोआप त्या एकाच मसुद्याकडे जायची. तो मी चाळीस वेळा उघडला असेल, एखादा शब्द बदलून चाळीस वेळा मिटला असेल. सीएमएस निवडणं त्या मानाने फार सोपं होतं, आणि ते संपू नये अशीच माझी इच्छा होती.

शेवटी अकरावी पसंत पडली. रफार शाबूत, पडदा पांढरा, आणि वहीतल्या शेवटच्या रकान्यात, 'मेल कोणी उघडली ते कळतं' यासाठी, मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले होते. पुतणीने बजावलं होतं, आधी दोन लेख घालून बघा. दोन लेखांनी काय कळणार? मी सकाळी आठ वाजता पूर्ण संच घातला. दोनशे बारा लेख, एकोणीस मसुदे, त्रेचाळीस वाचक. आयात सुरू आहे, वेळ लागेल, असं पडद्यावर आलं. मी फोन खिशात टाकला आणि कामाला लागलो. जुन्या सेवेने लेख आणि मसुदे एकाच गाठोड्यात बांधून दिले होते आणि नवीने ते सगळे लेख म्हणूनच मांडले. 'वाचकांना कळवा' या चौकटीत तिने स्वतःच खूण करून ठेवली होती, ती मी बघितली नाही. मी! जो भिंगाखाली दाढेच्या खाचा मोजतो! मग तिने सगळ्यांत ताजा लेख निवडला, म्हणजे ज्यावर माझा हात शेवटचा फिरला होता तो, आणि त्रेचाळीस जणांना पाठवून दिला.

मी सामान आणतो असं काहीतरी पुटपुटून बाहेरच्या जिन्यात गेलो आणि पुतणीला फोन लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला. "काका, मी वाचलं," ती म्हणाली. नेहमीचा आवाज नव्हता. "बाबांचे हात इतके थरथरतात? मला कोणी सांगितलं का नाही?" मी विचारलं, ती मेल परत बोलावता येते का. "पान काढून टाका. पण गेलेली मेल गेली, काका. ती परत येत नसते." मग तिने विचारलं, "बाबांनी वाचलं?" अजून नाही, मी म्हटलं. "मग त्यांनी वाचायच्या आत तुम्ही सांगा. आत्ता जा आणि सांगा. ऐकताय ना?" मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातंय? जिन्यात एक बाई बादली घेऊन पायऱ्या पुसत होती, तिच्यासाठी मी एक पायरी वर सरकलो आणि तसाच अवघडून उभा राहिलो. पान काढून टाकलं. मग ज्या रकान्याला पैकीच्या पैकी दिले होते तो उघडला. त्रेचाळीस पाठवले, नऊ उघडले. नावांपुढे हिरवा ठिपका. पुतणी, तिच्या दोन मैत्रिणी, एक निवृत्त शिक्षक, ज्याच्या पुढच्या दातांवर मी पूर्वी लिहिलं होतं तो बासरीवाला. दादाच्या पत्त्यापुढचा ठिपका करडा होता. दादा मेल जेवणानंतर वाचतो, दीड वाजता, डबा धुऊन झाल्यावर. माझा लेख आला की चष्मा पुसतो आणि मोठ्याने वाचतो. 'छोट्या, यात तू मला फारच देखणा केलायस.' अकरा वर्षं हेच वाक्य, आणि अकरा वर्षं मी त्याच वाक्यासाठी लिहीत आलो. घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

आत आलो तेव्हा तो उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने धरून काम करत होता. हे त्याने कधी सुरू केलं? आधी कोपर बाकावर टेकवायला लागला. मग दिवा जवळ ओढायला लागला, अंधार आहे म्हणून. मग प्लास्टर नीट भिजत नाही, मेण हलक्या प्रतीचं येतं, दातांचे कारखानेच बिघडलेत. मी सगळ्याला हो म्हणायचो. पहिल्यांदा त्याचा दात मी काढला तो शुक्रवार होता एवढं आठवतं. सकाळी लवकर आलो होतो, त्याचा आदल्या दिवशीचा जबडा समोर होता, आणि पुढचे दोन दात एकमेकांकडे पाठ फिरवून बसल्यासारखे. डॉक्टर परत पाठवतील, त्याला लागेल, एवढाच विचार केला आणि सुरी तापवली. पाच मिनिटांचं काम. नऊ वाजता दादा आला, जबडा उचलून दिव्याखाली फिरवला आणि म्हणाला, "काल उगीच वाटलं वाकडं बसलंय म्हणून. बघ की, झकास आहे." त्याचा चेहरा इतका उजळला की दुसऱ्या दिवशी मी परत लवकर आलो. त्याला दोन वर्षं झाली. हळूहळू पाच मिनिटांचा पाऊण तास झाला, मग दीड तास. बायकोला सांगितलं, सकाळी डोकं ताजं असतं. ती म्हणाली, तुमचं डोकं मला ठाऊक आहे. पण पुढे काही विचारलं नाही.

पावणेबाराला दादा प्लास्टरचं भांडं धुवायला मागच्या मोरीकडे गेला. नळाचा आवाज आला. त्याचा फोन कट्ट्यावर होता, चार पावलांवर. त्याला कुलूप नव्हतं. आकडे नीट दाबले जात नाहीत म्हणून त्याने मागेच काढून टाकलं होतं, आणि वर मला म्हणाला होता, "माझ्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?" मी उठलो. मी चोर नाही, मी त्याचा धाकटा भाऊ आहे, असं काहीतरी डोक्यात चाललं होतं. मेल वरच होती. उघडू नकोस, उघडलीस तर ठिपका हिरवा होईल, हेही भान होतं. बघा किती डोकं चालतं माणसाचं अशा वेळी. ती न उघडता बाजूला सरकवली, कचऱ्यात गेली, कचऱ्यातूनही पुसली. नळ बंद झाला तेव्हा मी जागेवर होतो आणि सुरी उलट्या बाजूने धरली होती. बोट भाजलं. आणि सांगायला लाज वाटते, पण मला इतकं हलकं वाटलं की मी शीळ घातली. दादा हात पुसत आला आणि म्हणाला, "आज स्वारी खुशीत दिसतेय." मी म्हटलं, ब्लॉगचं काम झालं एकदाचं. "झालं? अरे वा! मग लेख कधी येतोय?" येईल, मी म्हटलं. त्याने भांडं पालथं घातलं, मनगट धरलं आणि पुढचा दात उचलला. दात चिमट्यातून निसटला, बाकावर टणटणत गेला. मी नेहमीप्रमाणे दुसरीकडे बघितलं.

लॅबचा फोन वाजला की दादाच उचलतो. सव्वाबाराला वाजला. "बोला, डॉक्टर." आमचे जुने डॉक्टर, निम्मं काम त्यांच्याकडूनच येतं. त्यांचा पत्ता यादीत आहे हे मला तोवर आठवलंही नव्हतं. दादा नेहमीसारखा हसत ऐकत होता, मग हसू तसंच राहिलं आणि डोळे थांबले. "कुठला लेख?... नाही बुवा, मला नाही आला... हो का... नाही, हात बरे आहेत. अगदी बरे आहेत." मग बराच वेळ नुसतं हं, हं. त्याने फोन ठेवला, दोन वेळा, कारण पहिल्यांदा तो जागेवर बसला नाही. "माझ्यावर लेख लिहिलायस म्हणे," तो म्हणाला. "डॉक्टरांचं मन भरून आलं. म्हणाले, तुमचा भाऊ देवमाणूस आहे. आणि आजवरचं काम उत्तम आहे, काळजी करू नका, असं का म्हणाले ते मला कळलं नाही." मी सुरी पुसायला घेतली. "त्यांना आला, मला कसा नाही आला?"

"नवी सिस्टीम आहे रे दादा," मी म्हटलं. "थोडा घोळ झालाय. काहींना गेला, काहींना नाही." खोटं बोलताना माझा आवाज फार चांगला लागतो. "बरं," तो म्हणाला, "तुझ्या फोनवर असेल ना. वाच." चष्मा त्याच्या कपाळावरच होता. मी म्हटलं, जेवण झाल्यावर वाचू. "आत्ता वाच. मला ऐकायचंय." त्याने सुरी ठेवली, स्टूल माझ्याकडे वळवलं आणि मांडीवर हात ठेवून बसला.

मी मेल उघडली. पहिला परिच्छेद सोपा होता, त्यात तो सत्तावीसचा होता आणि डॉक्टर बघायला येऊन उभे राहत होते. तो मी वाचला. दुसऱ्याकडे आलो आणि डोळ्यांनी पुढे पळत तोंडाने काहीतरी जुळवायला लागलो. वय सगळ्यांनाच गाठतं, पण कलाकाराची नजर कधी म्हातारी होत नाही, वगैरे. "थांब," दादा म्हणाला. "हे तिथे लिहिलेलं नाही." मी म्हटलं, आहे की. "अकरा वर्षं तुझं वाचतोय मी, छोट्या. कलाकाराची नजर वगैरे तू लिहीत नाहीस. गाळू नकोस. जसंच्या तसं वाच."

मग मी जसंच्या तसं वाचलं. "गेली दोन वर्षं सकाळी सव्वासात वाजता मी लॅब उघडतो. दादा नऊला येतो. मधल्या पावणेदोन तासांत मी त्याने आदल्या दिवशी बसवलेले दात उपटतो आणि पुन्हा बसवतो. त्याला कळत नाही. तो येतो, जबडा दिव्याखाली फिरवतो आणि स्वतःवर खुश होतो. त्या एका क्षणासाठी मी पहाटे उठतो. आणि त्याच क्षणी मला त्याचा इतका राग येतो की वाटतं, एकदा उपटलेले दात तसेच बाकावर मांडून ठेवावेत." अजून चार ओळी होत्या, त्याही वाचल्या. बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा तो टीं टीं आवाज चालू होता.

"म्हणजे सकाळी मी जे बघायचो," दादा म्हणाला, "ते तुझं होतं." मी मान हलवली. "मला वाटायचं, संध्याकाळी डोळे थकतात. घरी जाताना धाकधूक असायची. रात्री हिला म्हणायचो, आज काही जमलं नाही. आणि सकाळी येऊन बघतो तर सरळ. मी हिला सांगायचो, अगं, अजून हात शाबूत आहे." तो हसायला गेला, ते त्याला जमलं नाही. "किती? दोन वर्षांतल्या कवळ्यांपैकी खरोखर माझ्या किती?" मला खोटं बोलता आलं असतं. निम्म्या म्हणालो असतो तर त्याने मानलं असतं, त्याला मानायचंच होतं. "नऊ," मी म्हटलं. "सुरुवातीच्या." त्याने ते ऐकून घेतलं. मग मीच पुढे बोललो, कारण आता मधे थांबता येत नव्हतं. "आणि मेल तुला आली होती, दादा. मी काढून टाकली. तू मोरीवर गेलास तेव्हा."

"माझ्या फोनमधून?"

"हो."

दादाचा चेहरा आत्तापर्यंत नुसता उतरला होता, तो आता लाल झाला. मी त्याला इतकं रागावलेलं वडील गेले तेव्हाच्या भांडणानंतर पाहिलं नव्हतं. "दात उपटलेस ते माझ्या भल्यासाठी, असं तुला वाटलं असेल. वाटू दे. पण फोन? कुलूप नाही म्हणून? माझ्याबद्दल त्रेचाळीस लोकांना कळलेलं चाललं, मला तेवढं कळायला नको होतं?" मी माफी मागायला तोंड उघडलं. "गप बस," तो म्हणाला. त्याने त्याच्या पुढ्यातला जबडा दोन्ही हातांत उचलला, आजचा, अर्धा झालेला, आणि माझ्या पुढ्यात ठेवला. ठेवताना तो बाकावर खडखडला आणि या वेळी मी दुसरीकडे बघितलं नाही. "हा उद्या सकाळी उपटणार होतास?" हो, मी म्हटलं. "मग आत्ता उपट. माझ्यासमोर."

मी स्पिरिटचा दिवा लावला. काडी दुसऱ्या प्रयत्नात पेटली. सुरी ज्योतीत धरली, जबडा फिरवून घेतला, आणि माझी नजर सवयीने उजव्या सुळ्यावर गेली, तो बाहेर आलेला होता. सुरी टेकवणार तेवढ्यात दादा म्हणाला, "कुठला काढतोयस?"

"सुळा."

"सुळ्याला काय झालंय?" तो पुढे वाकला. चष्मा खाली ओढला. "सुळा जागेवर आहे. त्याच्या आधीचा आत गेलाय, म्हणून सुळा बाहेर दिसतोय. दोन वर्षं सुळेच हलवत बसलास काय रे, गाढवा?" मी बघितलं. जबडा कलता केला, भिंग लावून परत बघितलं. त्याचं बरोबर होतं. मेण हातात घेऊन दोन वर्षं मी पहाटे एकटा बसलो होतो, आणि या माणसाला एकदा विचारावं असं माझ्या मनातही आलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही, दोन्ही हात कामात होते.

"किती बाहेर घेऊ?" मी विचारलं.

"मी अजून रागावलेलो आहे," दादा म्हणाला. "ते लक्षात ठेव." मग त्याने हात मांडीवर एकात एक अडकवले, नाक जवळजवळ मेणाला लागेल इतका खाली आला आणि म्हणाला, "घे. मी सांगेन तेव्हा थांब." मी दाताच्या मुळाशी सुरी टेकवली, मेण मऊ झालं, आणि मी दात पुढे घेत राहिलो, त्याच्या आवाजाकडे कान लावून.